आधी नोंद, मग आकडा: नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांनी लक्ष्य कसं ठरवावं

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. तुम्ही नाशिकला बँकेत आहात, वय ३६, घरात दोन मुलं आणि सासूबाई. गेली चार वर्षं दर १ जानेवारीला तुम्ही ठरवता की रोज १,००० शब्द लिहायचे, वर्षाअखेर कादंबरी पूर्ण करायची आणि जमलं तर एखादी कथा दिवाळी अंकात आणायची. मागच्या वर्षी हे फेब्रुवारीपर्यंत टिकलं, यंदा १२ जानेवारीलाच सुटलं. कपाटात ४२ पानं लिहून पडली आहेत. आणि तुम्ही विचारता, ‘पूर्ण होईल आणि मोजताही येईल असं लक्ष्य कसं ठरवायचं? की माझ्यात चिकाटीच नाही?’

चिकाटीचं आधी बोलते, कारण ते वाक्य मला टोचलं. एकदा सुटलेली गोष्ट चार वर्षं दर वेळी पुन्हा हातात घेणाऱ्या बाईला चिकाटी नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्या प्रश्नात मला दुसरंच काही राहून गेलेलं दिसलं: १,००० हा आकडा कुठून आला, ते तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही. तुमच्या टेबलावर कोणी कर्ज मागायला आलं तर आधी पगाराच्या स्लिपा बघता, चालू हप्ते बघता, घरात कमावणारे किती ते विचारता आणि मग हप्ता किती झेपेल ते सांगता. स्वतःला हप्ता लावताना मात्र हातात वेळ किती येतो ते न बघताच रक्कम टाकली. असा हप्ता थकणारच. त्यात माणसाच्या इराद्याचा काही दोष नसतो.

मी बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत कथा लिहिल्या. दोन संग्रह झाले, एक कादंबरी झाली, आणि मधली सहा वर्षं एका दिवाळी अंकाकडे आलेल्या कथांचं पहिलं वाचन माझ्याकडे होतं. सांगते ते एवढ्या अनुभवातून. तुमच्या बाबतीत बरंच काही परिस्थितीवर ठरेल. मुलं किती लहान आहेत, सासूबाईंची तब्येत कशी आहे, तुम्ही पहाटे ताज्या असता की रात्री, घरात दार लावून बसण्याइतकी खोली आहे का. कवितेचा हिशेब तर वेगळाच, मी कविता लिहीत नाही म्हणून त्यावर बोलणार नाही. आणि ज्यांना बाहेरून तारीख येते त्यांचंही वेगळं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यात हप्त्याहप्त्यानं दिल्या. अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच. आजही वर्तमानपत्रात सदर लिहिणाऱ्याला लक्ष्य कसं ठरवायचं हा प्रश्न पडत नाही, त्याला संपादकाचा फोन येतो. तुमच्या कादंबरीची वाट अजून कोणी बघत नाहीये. त्यामुळे तारीखही तुम्हीच लावायची आणि ती पाळली का हेही तुम्हीच बघायचं.

रोज १,००० हा आकडा बहुतेकांकडे येतो तसा तुमच्याकडेही इंग्रजी सल्ल्यांमधून आला असावा. अमेरिकेत १९९९ साली एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढच्या वर्षापासून तो नोव्हेंबरात होऊ लागला. ५०,००० भागिले ३० म्हणजे रोज १,६६७ शब्द. हे रोजचे हजार-दीड हजार सगळीकडे पसरले त्यात याचाही वाटा असावा. पण ते इंग्रजी शब्द आहेत. आपली भाषा विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच जोडून घेते. ‘मामाच्या वाड्यामागच्या विहिरीवरच्या रहाटाचा आवाज’ हे आपल्याकडे पाच शब्द होतात. हेच इंग्रजीत लिहून बघा, दुपटीच्या आसपास जातील. म्हणजे मराठीत १,००० शब्द लिहिणारी व्यक्ती मजकुराच्या मानानं इंग्रजीतल्या १,००० पेक्षा बरंच जास्त लिहीत असते. तुम्ही ११ दिवस ते केलंत, दिवसभर काउंटर आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास सांभाळून. मला ते कमी वाटत नाही. शिवाय आपला नोव्हेंबर म्हणजे बऱ्याचदा दिवाळी आणि पाठोपाठ लग्नसराई.

२००९ च्या जानेवारीत मीही हेच केलं होतं. रोज १,००० शब्द, भिंतीवर कॅलेंडर, लाल पेनानं फुल्या. सोळा दिवस चाललं. शेवटच्या पाच-सहा दिवसांत काय होत होतं ते आजही वहीत दिसतं. आकडा भरायचा म्हणून मी वर्णनं वाढवत होते. एक पात्र एसटीतून उतरून घरी पोचायला साडेतीन पानं घेतं, वाटेतली सगळी दुकानं येतात, आणि दारात पोचल्यावर काहीच घडत नाही. ती पानं पुढे सगळी काढावी लागली. सतराव्या दिवशी मुलाला ताप आला, अठराव्या दिवशी २,००० शब्दांची बाकी दिसली, आणि मी वही मिटली ती दीड वर्ष उघडली नाही. मला सगळ्यात वाईट त्या दीड वर्षाचं वाटतं.

२०१० च्या जुलैत पुन्हा सुरुवात केली, पण या वेळी काहीही न ठरवता. शाळेत जुन्या वर्षाचं एक कोरं हजेरीपत्रक उरलं होतं. मुलांच्या नावांच्या जागी मी पहाट, मधली सुट्टी, दुपार, रात्र असे चार वेळ लिहिले आणि तारखांच्या रकान्यात जिथे बसले तिथे मिनिटं टाकायला लागले. बसले नाही तिथे ‘गै’, म्हणजे गैरहजर. बाजूला एक छोटी वही, तिच्यात एकच ओळ. ५ जुलैला सोमवारी सुरू केलं आणि २५ जुलैच्या रविवारपर्यंत तीन आठवडे चालवलं. या तीन आठवड्यांत स्वतःला एकच नियम होता: जास्त लिहायचा प्रयत्न करायचा नाही, जसं होतं तसं फक्त टिपायचं.

२१ दिवसांत मी ११ वेळा बसले होते. एकूण ३८५ मिनिटं आणि ३,९६० शब्द. म्हणजे एका बैठकीला ३५ मिनिटं, ३६० शब्द. आठवड्याला सरासरी १,३२०. आणि मी दीड वर्षापूर्वी स्वतःकडे मागत होते आठवड्याला ७,०००, पाचपटीहूनही जास्त.

पण आकड्यापेक्षा रकान्यांनी मला जास्त शिकवलं. माझी पक्की समजूत होती की मी रविवारी लिहिते. तिन्ही रविवारी ‘गै’ होतं. रविवारी पाहुणे, आठवड्याचं धुणं, बाजार, पुढच्या आठवड्याची पाठटाचणं. माझा खरा लिहिण्याचा वेळ निघाला शनिवारची दुपार, सकाळची शाळा सुटल्यानंतर घरातले सगळे परतेपर्यंतचा दीड तास, आणि आठवड्यातल्या दोन-तीन पहाटा. मधल्या सुट्टीत एकदाही बसले नव्हते, तो रकाना मी पुढच्या महिन्यात काढूनच टाकला. तीन आठवड्यांची नोंद नसती तर मी आणखी कित्येक वर्षं रविवारावर विसंबून राहिले असते आणि दर सोमवारी स्वतःला दोष देत शाळेत गेले असते.

तर तुम्ही पहिलं काम हे करा. येत्या सोमवारपासून २१ दिवस फक्त नोंद. हजेरीपत्रक नसेल तर चौकटीची वही चालेल, मोबाइलमध्ये शीट केली तरी चालेल. मला स्वतःला कागद बरा वाटतो, कारण तो ओट्याशेजारी टांगता येतो. दुसरा आणि चौथा शनिवार तुम्हाला सुट्टी असते, ते दोन दिवस खरोखर तुमचे असतात की घरकामाचे, हे या नोंदीतून कळेल. शब्द मोजायला फोनवर लिहीत असाल तर अडचणच नाही. हातानं लिहीत असाल तर तुमच्या अक्षरातली तीन भरलेली पानं घ्या, शब्द मोजा, सरासरी काढा, पुढे फक्त पानं मोजा. माझ्या अक्षरात फुलस्केपच्या एका बाजूला २३० शब्द बसतात.

आणि ती एका ओळीची वही विसरू नका. माझी ९ जुलैची ओळ अशी आहे: ‘पहाटे ५.१० ते ५.४५. ३१० शब्द. आत्या दारात थांबली, आत आली नाही. पुढे: ती चहा का घेत नाही.’ शेवटचं ‘पुढे’ आहे ना, ते माझ्या मते या सगळ्या नोंदीतलं सर्वांत कामाचं. तीन दिवसांनी पुन्हा बसायला मिळालं तेव्हा मागची सहा पानं वाचत बसावं लागलं नाही. आत्या चहा का घेत नाही, इथून पेन सुरू झालं. ज्यांना रोज बसायला मिळतं त्यांना याची गरज कमी असेल. आपल्यासारख्यांचा अर्धा वेळ धागा शोधण्यात जातो.

२१ दिवसांनंतर आकडा ठरवायचा. इथे लगेच मोह होतो की १,३२० निघाले ना, मग १,५०० ठरवूया, थोडं ताणलं तर काय बिघडतं. ताणू नका. उलट किमान ठरवा. मी आठवड्याला तीन बैठका आणि १,००० शब्द असं ठरवलं, म्हणजे सरासरीपेक्षा कमी. हेतू असा की साधारण आठवड्यात ते पूर्ण व्हावंच आणि वाईट आठवड्यातही हाताशी राहावं. चांगल्या आठवड्यात १,८०० झाले तर झाले, त्याची नोंद ठेवायची, पण पुढच्या आठवड्याचा आकडा त्यामुळे वाढवायचा नाही. तुमच्या बँकेत वरून टार्गेट येतं, ते गाठलं की पुढच्या तिमाहीला वाढवून मिळतं. घरी स्वतःच्या लिहिण्याला ती पद्धत लावू नका.

रोजच्याऐवजी आठवडा धरायचं कारणही हेच. रोजचं लक्ष्य एका तापानं मोडतं. आठवड्याचं मोडायला सलग पाच-सहा दिवस वाईट जावे लागतात. आणि आठवडा मोडलाच तर ती बाकी पुढे ओढायची नाही, तिथेच माफ करायची. थकबाकी पुढे ओढली की तिसऱ्या आठवड्यात वहीकडे बघवत नाही, हे मी २००९ मध्ये केवळ २,००० शब्दांच्या बाकीवर अनुभवलंय. मी एवढंच बघते की लागोपाठ तीन आठवडे किमान झालं नाही, तर लक्ष्य चुकलंय की घरात काही बदललंय. मग पुन्हा आठ-दहा दिवस नुसती नोंद आणि नवा आकडा. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात मी ते आठवड्याला एका बैठकीवर आणलं होतं. सात महिने तेवढंच चाललं आणि त्या सात महिन्यांत एक कथा पूर्ण झाली.

आता वर्षाचा हिशेब. माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा साधारण ४५,००० शब्दांचा होईल असा माझा अंदाज होता. आठवड्याला सरासरी १,३२० धरले तर ३४ आठवडे लागतात. पण वर्षातले सगळे आठवडे लिहिण्याचे नसतात. गणपती, दिवाळी, परीक्षा, पेपर तपासणी, मे महिन्यातली माहेरची फेरी, दोन-तीन आजारपणं. मी आठ आठवडे कोरे धरले आणि ४२ आठवडे ठरवले. सप्टेंबर २०१० मध्ये सुरुवात केली. खर्डा संपला जुलै २०११ च्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ४५ आठवड्यांनी. हे जादाचे तीन आठवडे कुठे गेले तेही हजेरीपत्रकात दिसतं: ९ ते २८ फेब्रुवारी २०११, जनगणना. आम्ही शिक्षक घरोघर फिरत होतो, त्या सगळ्या रकान्यांत ‘गै’. ते बघून मला एकदाही वाटलं नाही की माझ्यात चिकाटी कमी पडली. समोर कारण लिहिलेलं होतं.

तुमचे आकडे माझ्याइतकेच निघाले असं घडीभर धरू. नोंद फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपेल. त्यानंतर मार्च येतो, आणि बँकेतल्या माणसाला मार्चमध्ये कादंबरीचं लक्ष्य देणं मला बरोबर वाटत नाही. तेव्हा ३१ मार्चपर्यंत नोंद चालू ठेवा, लक्ष्य ठेवू नका. १ एप्रिलपासून मोजा. ३४ आठवडे, अधिक मुलांच्या सुट्टीचे दोन, गणपतीचे दोन, दिवाळीचे दोन आणि आजारपणाचे दोन. पहिला खर्डा पुढच्या संक्रांतीच्या आगेमागे हातात येतो. ‘वर्षाअखेर पूर्ण कादंबरी’ म्हणताना तुम्हाला छापायला देण्याजोगी कादंबरी अभिप्रेत असेल, तर तसं होणार नाही, हे आत्ताच सांगते. पहिला खर्डा ही वेगळी वस्तू आहे. माझा खर्डा पक्का व्हायला पुढे आणखी चौदा महिने लागले.

यातला दुसरा टप्पा आला की मोजायचं मापच बदलावं लागतं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुनर्लेखनात शब्द कमी होतात. माझी एक कथा २,८०० शब्दांची होती, ती २,१०० वर आली आणि तेव्हाच कुठे उभी राहिली. त्या दोन आठवड्यांत मी शब्द मोजत असते तर रोज उणे आकडा दिसला असता, आणि ते माझं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम होतं. म्हणून खर्डा लिहिताना शब्द किंवा पानं मोजा, पुनर्लेखनात प्रसंग मोजा. मी कादंबरीतले प्रसंग वहीत उतरवून काढले, ६१ निघाले. प्रत्येकासमोर तीन चौकोन: वाचला, पुन्हा लिहिला, मोठ्यानं वाचला. आठवड्याला एक प्रसंग तिन्ही चौकोनांतून गेला तर लक्ष्य पूर्ण. वेग वाढला की दोन. मुद्रितशोधनाच्या वेळी मात्र पानंच बरी, एका बैठकीला दहाच्या वर घेतली तर माझ्या नजरेतून काने-मात्रा निसटतात. आणि विचार करण्याच्या, माहिती काढण्याच्या दिवसांत फक्त मिनिटं टिपा. रेशनच्या रांगेचा प्रसंग लिहायचा म्हणून मी दोन दुपारी दुकानासमोरच्या ओट्यावर बसून होते. एकही शब्द झाला नाही, पण हजेरी लागली.

दिवाळी अंकाकडे येते, कारण तिथे तुम्ही एक वेगळी गफलत करताय. ‘कथा दिवाळी अंकात यावी’ हे लक्ष्य म्हणून ठेवू नका. ते संपादकाच्या हातात आहे. तुमच्या हातात कथा पूर्ण करणं आणि वेळेवर पाठवणं आहे. पूर्वी मी एका वर्षी ‘यंदा पुस्तक यायलाच हवं’ असं ठरवलं होतं. हस्तलिखित प्रकाशकाकडे पोचलं आणि तीन वर्षं तिथेच राहिलं. त्या तीन वर्षांत मी सात कथा लिहिल्या, पण माझ्या मनातल्या हिशेबात तिन्ही वर्षं नापास होती. त्यानंतर मी ठरवलं की लक्ष्याच्या वाक्यात क्रियापद माझं असलं पाहिजे. लिहीन, तपासेन, पाठवेन. ‘छापून येईल’, ‘आवडेल’, ‘पुरस्कार मिळेल’ ही क्रियापदं मी इच्छा म्हणून वेगळ्या पानावर लिहिते, ती मनापासून लिहिते, पण त्यांच्यासमोर चौकोन काढत नाही.

पाठवण्याची तारीख मात्र पंचांगातून उलटी मोजत यावी लागते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या लिहिणाऱ्यांचं वर्ष दिवाळीशी बांधलं गेलंय, आणि दिवाळी दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरात होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यानं ते ८ नोव्हेंबरला आहे. अंक त्याच्या दोन-तीन आठवडे आधी बाजारात हवा, त्याआधी छपाई, त्याआधी मांडणी आणि मुद्रितशोधन, त्याआधी चित्रकाराकडे कथा जायला हवी. म्हणून बहुतेक संपादक जून-जुलैपर्यंत मजकूर मागतात, काही त्याही आधी. प्रत्येक अंकाचं निवेदन बघून तारीख पक्की करा. मी पहिलं वाचन करत होते तेव्हा सप्टेंबरात आलेल्या चांगल्या कथा मला हातानं बाजूला ठेवाव्या लागल्या, कारण पानं लागून गेलेली होती. एक कथा तर अजून लक्षात आहे, विधवा वहिनीच्या शिवणयंत्राची. ती जूनमध्ये आली असती तर छापलीच गेली असती.

यंदासाठी तुम्हाला झेपेल असं म्हणाल तर कादंबरीच्या बरोबरीनं एकच कथा, जुनी एखादी अर्धी लिहिलेली असेल तर तीच. एप्रिलमध्ये खर्डा, मेमध्ये तशीच पडू द्या, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुनर्लेखन, ३० जूनच्या आत पाठवणी. तेवढ्या आठवड्यांत कादंबरीचे शब्द कमी होतील, ते आधीच धरून चाला. आणि पाठवलेल्या कथांसाठी वहीत एक वेगळं पान करा: कथेचं नाव, कुठे पाठवली, तारीख, पोच आली का, उत्तर, पुढे कुठे. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका, आपल्याकडे ते फार वाईट दिसतं आणि संपादक ते विसरत नाहीत. त्यापेक्षा पाठवतानाच मनाशी तारीख ठरवा, की अमुक दिवसांत उत्तर नाही आलं तर नम्रपणे विचारायचं, आणि नको असेल तर कथा परत घेऊन पुढच्या अंकाकडे. ‘साभार परत’ आलेल्या कथेची नोंद मी पुसत नाही. माझी एक कथा तीन ठिकाणांहून परत येऊन चौथ्या ठिकाणी छापली गेली, आणि ते मला आज सांगता येतं ते त्या पानामुळे.

घरच्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या लेखनवर्गात येणाऱ्या बायकांचं गाडं बहुतेक इथेच अडतं, म्हणून सांगते. ‘मला लिहायला वेळ द्या’ असं मोघम सांगून काही होत नाही. मी नोंदीचा कागद घेऊन यजमानांसमोर बसले आणि म्हटलं, ‘शनिवारी दुपारी दीड ते तीन आणि मंगळवार-शुक्रवारी पहाटे पाच ते पावणेसहा, एवढं मला हवंय.’ ते कागदाकडे बघून म्हणाले, ‘एवढंच?’ त्यांना वाटत होतं मी रोजचे दोन तास मागणार. मंगळवार-शुक्रवारचं दूध तापवणं त्या दिवसापासून त्यांच्याकडे गेलं. सगळ्या घरांत असं होईल असं नाही, मला माहीत आहे. जिथे होत नाही तिथे बैठक पंधरा मिनिटांची ठरवावी लागते, बँकेत पंधरा मिनिटं लवकर पोचून, गाडीतच बसून. तीही हजेरीच आहे.

फेसबुकवर ‘यंदा कादंबरी पूर्ण करणार’ असं जाहीर केलं तर बळ मिळेल का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. काहींना मिळतं. मला मिळालं नाही, लोकांनी अभिनंदन केलं आणि काम झाल्यासारखं वाटून गेलं. मला उपयोग झाला तो एका मैत्रिणीचा. ती दुसऱ्या गावात शिक्षिका, तीही लिहिणारी. दर रविवारी रात्री आम्ही एकमेकींना दोन आकडे पाठवतो, बैठका आणि शब्द. त्यावर चर्चा नाही, शाबासकी नाही, का झालं नाही अशी विचारणाही नाही. बारा वर्षं झाली, अजून चालू आहे.

राहिली तुमची ४२ पानं. ती टाकू नका आणि लगेच पुढेही लिहू नका. नोंदीच्या २१ दिवसांतल्या पहिल्या एक-दोन बैठका त्यांना द्या. पेन हातात न घेता सगळी सलग वाचा. मग प्रत्येक प्रसंगाला एक ओळ याप्रमाणे वेगळ्या कागदावर यादी करा: कोण, कुठे, काय बदललं. ज्या प्रसंगात काहीच बदलत नाही त्याच्यासमोर गोल करा. ते बहुतेक १,००० भरण्याच्या दिवसांतले निघतील, माझी ती साडेतीन पानं तशीच होती. गोल नसलेले प्रसंग किती उरतात ते मोजा, आणि त्यांतल्या शेवटच्या प्रसंगाखाली लिहा, ‘पुढे:’. त्या पुढची ओळ सुचली की कादंबरी तिथून सुरू करा. नाही सुचली तर रकान्यात मिनिटं टाका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कागद घेऊन बसा. २१ दिवसांनी तुमचे आकडे इथे टाकलेत तर मी नक्की बघेन, आणि एप्रिलचा हिशेब आपण मिळून लावू.